पक्षाघातानंतरचा तोल आणि ट्रेडमिलवरील चालण्याचा सराव : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक प्रस्तावना

पक्षाघाताच्या झटक्यातून रुग्ण वाचला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, तो पुन्हा चालू लागेल का. या एका प्रश्नात दोन प्रश्न सामावलेले असतात : पायात पुन्हा जोर येईल का, आणि उभ्या शरीराचा तोल पुन्हा सांभाळता येईल का. पहिल्याकडे सर्वांचे लक्ष असते, कारण लुळा पडलेला हात किंवा पाय डोळ्यांना दिसतो. दुसऱ्याकडे फार उशिरा लक्ष जाते, कारण तोल हा काही स्वतंत्र अवयव नाही, त्याची उणीव माणूस पडल्यावरच ध्यानात येते आणि तेव्हाही तिचे खापर पायाच्या अशक्तपणावर किंवा रुग्णाच्या निष्काळजीपणावर फोडले जाते. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. पक्षाघातानंतर गेलेला तोल ट्रेडमिलवरील, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या पट्ट्यावरील, चालण्याच्या सरावाने कितपत परत मिळवता येतो, तो सराव कोणाला, केव्हा आणि कसा द्यावा, आणि भंडाऱ्यासारख्या बहुतांशी ग्रामीण जिल्ह्यात त्याला कोणते स्थान असावे, याची मांडणी पुढील प्रकरणांत केली आहे. त्या मांडणीमागची भूमिका आणि तिला लागणारी पार्श्वभूमी वाचकापुढे ठेवणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बंद पडल्याने किंवा मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याने त्या भागातील पेशी मरतात आणि त्यांच्याकडे असलेले काम थांबते, या घटनेला वैद्यकात पक्षाघात म्हणतात. लोकांच्या बोलण्यात ती लकवा किंवा अर्धांगवायू या नावांनी येते. रक्ताच्या गुठळीने वाहिनी बंद होण्याचा प्रकार अधिक आढळतो, वाहिनी फुटण्याचा प्रकार तुलनेने कमी पण अधिक घातक असतो. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाकडून शरीराच्या उजव्या बाजूची आणि उजव्या भागाकडून डाव्या बाजूची हालचाल चालवली जात असल्याने इजा ज्या बाजूला होते तिच्या विरुद्ध बाजूचे हातपाय निकामी होतात. सुरुवातीला सैल पडलेले स्नायू पुढे अनेकदा ताठर होतात, घोट्याचा सांधा खाली झुकून पायाची बोटे जमिनीला घासू लागतात आणि ती घासू नयेत म्हणून रुग्ण तो पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे टाकतो. ही चाल ओळखीची असली, तरी तिच्या मुळाशी केवळ स्नायूंची दुर्बलता नसते, हे समजण्यासाठी तोल म्हणजे काय ते आधी पाहावे लागते.

माणसाचे उभे शरीर हे लहानशा पायावर उभारलेले, उंच आणि सतत किंचित डोलणारे असते. त्याचा भार पायांखालच्या मर्यादेतच राहावा म्हणून मेंदूला तीन वाटांनी माहिती मिळत राहते : डोळ्यांकडून सभोवतालची, आतल्या कानातील तोलेंद्रियाकडून डोक्याच्या हालचालीची, आणि तळपाय, सांधे व स्नायू यांच्याकडून अवयव कोठे व कसे टेकले आहेत याची. या तिसऱ्या माहितीला स्थितिसंवेदना म्हणतात. डोळे मिटूनही आपला पाय वाकलेला आहे की सरळ हे जिच्यामुळे कळते ती ही संवेदना. लहान मेंदू आणि मेंदूचे इतर भाग या तिन्ही वाटांची माहिती जुळवून स्नायूंना आज्ञा देतात. धक्का हलका असेल तर शरीर घोट्यातून सावरते, अधिक असेल तर कंबरेतून वाकते, आणि त्याहून अधिक असेल तर चटकन पाऊल टाकून नवा आधार मिळवते. पक्षाघातात या साखळीची कोणतीही कडी तुटू शकते. तळपायाची संवेदना बोथट होते, स्नायूंची प्रतिक्रिया उशिरा येते, धड एका बाजूला कलते, भार आपोआप चांगल्या पायावर जातो, आणि काही रुग्णांना तर शरीराच्या किंवा सभोवतालच्या एका बाजूचे भानच उरत नाही. इंग्लंडमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयातून घरी गेलेल्या १०८ पक्षाघातग्रस्तांपैकी ७३ टक्के व्यक्ती पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी पडल्या होत्या. पडण्यातून खुब्याचे हाड मोडते हे खरेच. पण हाड न मोडताही पडण्याची जी भीती बसते ती माणसाला खाटेशी जखडते, खाटेला जखडलेले स्नायू आणखी क्षीण होतात, आणि पुढच्या वेळी तो अधिक सहज पडतो.

भंडारा जिल्ह्यात ही हानी किती खोलवर जाते हे समजण्यासाठी तेथील चालणे कोणत्या जमिनीवरचे आहे हे लक्षात घ्यावे लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १२,००,३३४ असून दर पाच माणसांपैकी सुमारे चार ग्रामीण भागात राहतात. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत पावसाळ्यातील काम म्हणजे प्रामुख्याने धानाचे काम. पऱ्हे उपटणे, चिखल केलेल्या बांधीत वाकून मागे मागे सरकत रोवणी करणे, डोक्यावर ओझे घेऊन अरुंद, निसरड्या धुऱ्यावरून म्हणजे शेताच्या बांधावरून जाणे, मामा तलावाच्या म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या पाळीवरून उतरणे, जंगलात तेंदूपत्ता किंवा मोहफुले वेचणे, मोहाडीकडे हातमागावर बसून दोन्ही पायांनी मागाच्या पट्ट्या आळीपाळीने दाबणे, ही सारी कामे तोलाची कठोर परीक्षा घेणारी आहेत. घरातही सारवलेले ओले अंगण, उंच उंबरठा, उकिडवे बसण्याचे शौचालय आणि जमिनीवरचे बसणे-उठणे असते. शहरातील सपाट फरशीवर काठी घेऊन चालू लागलेला रुग्ण वैद्यकीय नोंदीत बरा झालेला ठरतो, परंतु धुऱ्यावर पाऊल ठेवू न शकणारा शेतकरी किंवा शेतमजूर बाई स्वतःच्या दृष्टीने बरी झालेली नसते. त्यामुळे या जिल्ह्यात पुनर्वसनाचे अंतिम उद्दिष्ट ठरवताना मोजपट्टी दवाखान्यातील असून भागत नाही.

पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे हा समज महाराष्ट्रातीलच अभ्यासांनी खोटा ठरवला आहे. मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या लोकसंख्याधारित नोंदणीत २५ वर्षांवरील दर एक लाख व्यक्तींमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला झटका आल्याचे आढळले आणि त्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. झाडीपट्टीतल्याच, म्हणजे पूर्व विदर्भातल्याच, गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांत केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले होते आणि मृत्यूच्या कारणांत तो पहिल्या क्रमांकावर होता. गडचिरोली आणि भंडारा यांची शेती, आहार आणि सवयी यांत पुष्कळ साम्य आहे. न तपासलेला रक्तदाब आणि तंबाखू, विशेषतः सुपारी-चुन्यासह चघळला जाणारा खर्रा, हे धोके दोन्हीकडे आहेत. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकारही मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो; म्हणून येथील पुनर्वसनाचा विचार केवळ वृद्धांपुरता करून चालत नाही.

ट्रेडमिल हे यंत्र पुनर्वसनात तुलनेने अलीकडे आले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांकडून फिरत्या चाकावर पायऱ्या चढवून घेतल्या जात आणि त्या चाकालाच हे नाव होते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रॉबर्ट ब्रूस यांनी हृदयाची क्षमता तपासण्यासाठी फिरता पट्टा वापरण्यास सुरुवात केली आणि ‘स्ट्रेस टेस्ट’ म्हणून आज परिचित असलेली तपासणी त्यातून घडली. चालणे पुन्हा शिकवण्यासाठी त्याचा उपयोग सुचला तो मात्र वेगळ्या संशोधनातून. १९११ साली थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की पावलांची लय निर्माण करण्याची मूळ क्षमता पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतच असते. १९८७ मध्ये माँट्रियल येथील ह्यूग बारब्यू आणि सर्ज रॉसिन्योल यांनी मज्जारज्जू तुटलेल्या प्रौढ मांजरांना फिरत्या पट्ट्यावर नियमित चालवले, तेव्हा त्यांच्या मागच्या पायांची चाल बऱ्याच अंशी परत आली. मज्जारज्जूतील या लयबद्ध यंत्रणेला योग्य संवेदना पुरवल्या तर ती पुन्हा जागी होते, हा विचार माणसांकडे वळला. बर्लिन येथे श्टेफान हेसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४-९५ मध्ये स्वतः चालू न शकणाऱ्या मोजक्या पक्षाघातग्रस्तांना वरून टांगलेल्या पट्ट्यांच्या आधाराने चालवले. १९९८ मध्ये माँट्रियलमधील मार्था विसिंटिन आणि बारब्यू यांनी १०० रुग्णांवर केलेल्या चाचणीत शरीराचा काही भार उचलून धरून चालवलेल्या गटाची प्रगती पूर्ण भाराने चालवलेल्या गटापेक्षा अधिक दिसली, आणि ही प्रगती वेग व दम यांच्याबरोबर तोलाच्या गुणांतही होती. तोलाच्या पुनर्वसनात ट्रेडमिलला स्थान मिळण्याचे हे एक महत्त्वाचे कारण ठरले.

पट्टा नेमके काय करतो हे समजल्याशिवाय त्याचा उपयोग करणे यांत्रिक होते. जमिनीवर चालताना पक्षाघातग्रस्त व्यक्ती दुर्बल पायावर कमीत कमी वेळ उभी राहते आणि तो पाय शरीराच्या मागे जाऊच देत नाही, कारण तसे केल्याने भार चांगल्या पायावरून सुटतो. फिरता पट्टा टेकलेल्या पावलाला आपोआप मागे नेतो. खुब्याच्या पुढील स्नायूंना ताण बसतो, पायावरचा भार हलका होत जातो, आणि या दोन संवेदना मज्जारज्जूला पाय उचलून पुढे टाकण्याचा इशारा देतात. पट्टा कोणासाठी थांबत नसल्याने दुर्बल पायालाही आपली पाळी घ्यावीच लागते आणि भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचा, म्हणजे चालताना लागणाऱ्या तोलाचा, सराव दर पावलाला घडतो. दुसरा लाभ पावलांच्या संख्येचा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात असे दिसले की पक्षाघातानंतरच्या चालण्याच्या उपचाराच्या एका सत्रात रुग्ण सरासरी केवळ ३५७ पावले टाकतो. पट्ट्यावर दर मिनिटाला ५० पावले धरली तरी २० मिनिटांत १,००० पावले होतात. मेंदूच्या शाबूत राहिलेल्या भागांनी नवे काम अंगावर घेण्याची जी क्षमता असते तिला पुनरावृत्ती लागते, आणि एका उपचारकाच्या मर्यादित वेळात ती पुनरावृत्ती वाढवणे हे या यंत्राचे खरे सामर्थ्य आहे.

या सरावाची पद्धतही येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. रुग्णाच्या छातीभोवती आणि मांड्यांभोवती ‘हार्नेस’, म्हणजे रुंद पट्ट्यांचा साज, बांधून तो वरच्या आडव्या दांड्याला अडकवला जातो. गरजेनुसार सुरुवातीला शरीराच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंतचा भार तो उचलतो आणि गुडघा न वाकता पाय भार पेलू लागला की हा आधार टप्प्याटप्प्याने कमी केला जातो. भार उचलायचा नसला तरी पडण्यापासून संरक्षण म्हणून साज ठेवणे इष्ट असते. उपचारासाठी बनवलेल्या ट्रेडमिलचा वेग अगदी सावकाश सुरू करता येतो, तर व्यायामशाळेतील अनेक ट्रेडमिल ताशी ०.८ ते १ किलोमीटरपासूनच सुरू होतात आणि दुर्बल रुग्णासाठी तो वेगही अधिक ठरू शकतो. एक उपचारक दुर्बल पायाच्या बाजूला बसून टाच आधी टेकते की नाही हे पाहतो, आणि आवश्यकता असल्यास दुसरा कंबरेला आधार देतो. पट्टा तात्काळ थांबवणारी सुरक्षा-दोरी रुग्णाच्या कपड्याला लावलेली असते. वेग आणि वेळ यांत एका वेळी एकच गोष्ट वाढवली जाते, जेणेकरून चाल बिघडली तर कारण ओळखता यावे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली पक्षाघातानंतरच्या दम वाढवणाऱ्या व्यायामासाठी आठवड्यातून तीन ते पाच दिवस आणि दर वेळी २० ते ६० मिनिटे असे प्रमाण सुचवले असून ती मिनिटे छोट्या तुकड्यांत विभागता येतात.

तोलाच्या दृष्टीने या पद्धतीतील सर्वांत निर्णायक बाब कठडा आहे. रुग्ण चांगल्या हाताने बाजूचा दांडा घट्ट धरून चालला तर तोलाचे काम पायांऐवजी तो हात करतो, भार चांगल्या बाजूकडेच राहतो आणि पडद्यावर दिसणारा वेग व अंतर वाढत असूनही तोल जिथल्या तिथे राहतो. म्हणून मूठ, मग केवळ बोटांची टोके, मग फक्त तळव्याचा स्पर्श आणि शेवटी हात मोकळे, असा क्रम साजाच्या संरक्षणात पार पाडावा लागतो. पुढील टप्प्यांत पट्ट्याला थोडा चढ देणे, उलटे किंवा आडवे चालवणे, वेगात अनपेक्षित बदल करून सावरण्याचे पाऊल टाकायला लावणे असे प्रकार येतात. दोन पायांखाली स्वतंत्र वेगाने फिरणारे दोन पट्टे असलेल्या यंत्रावर अमेरिकेतील डार्सी रीझमन आणि एमी बॅस्टियन यांनी २००७ मध्ये दाखवले की पावलांतील विषमता मुद्दाम वाढवून पट्टे पुन्हा सारख्या वेगाने फिरवले, तर त्यानंतर काही काळ पावले अधिक समान पडतात. तोल हा स्थिर राहून मिळत नाही, तो ढळू देऊन सावरण्याच्या सरावाने मिळतो, हे या सर्व प्रकारांमागचे समान सूत्र आहे.

प्रगती मोजण्याची साधने मात्र अगदी साधी आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येतात. कॅनडातील कॅथरिन बर्ग यांनी तयार केलेल्या तोलमापनात बसणे, उठणे, एका पायावर उभे राहणे, वळणे अशा १४ कृतींना शून्य ते चार गुण दिले जातात. एकूण ५६ पैकी ४५ पेक्षा कमी गुण हे पडण्याच्या धोक्याचे चिन्ह मानण्याचा प्रघात आहे. १९९१ पासून प्रचारात असलेल्या दुसऱ्या चाचणीत खुर्चीवरून उठून तीन मीटर जाणे, वळणे, परत येऊन बसणे यांना लागणारा वेळ मोजतात. दहा मीटर चालण्याच्या वेळेवरून वेग निघतो, आणि अमेरिकेतील जॅकलिन पेरी यांच्या १९९५ च्या वर्गीकरणानुसार सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे दीड किलोमीटरपेक्षा, कमी वेगाची व्यक्ती घरापुरतीच चालू शकते, तर ०.८ मीटरपेक्षा अधिक वेगाची व्यक्ती गावात मोकळेपणी वावरू शकते. खुर्ची, फीत आणि घड्याळ एवढ्यावर या चाचण्या होतात.

आता मुख्य प्रश्नाकडे यावे लागते : या सरावाने किती लाभ होतो. यान मेअरहोल्त्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ५६ चाचण्या आणि ३,१०५ रुग्ण यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ट्रेडमिलमुळे चालण्याचा वेग सेकंदाला सरासरी ०.०६ मीटरने आणि सहा मिनिटांत कापलेले अंतर सुमारे १४ मीटरने वाढल्याचे दिसले. हा लाभ मुख्यतः आधीच चालू शकणाऱ्यांना झाला आणि मुळीच न चालणारी व्यक्ती स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता त्याने वाढली नाही. २०११ मध्ये अमेरिकेत पामेला डंकन यांच्या नेतृत्वाखाली झालेली ४०८ रुग्णांची चाचणी अधिकच विचार करायला लावणारी आहे. तिच्यात एका गटाला झटक्यानंतर दोन महिन्यांनी, दुसऱ्याला सहा महिन्यांनी साजाच्या आधाराने ट्रेडमिलचा सराव दिला गेला आणि तिसऱ्या गटाच्या घरी जाऊन भौतिकोपचारकांनी स्नायूंचे बळ व तोल यांचे व्यायाम करून घेतले. वर्षाअखेरीस एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता वरच्या पातळीवर गेली होती आणि तिन्ही गटांत महत्त्वाचा फरक नव्हता. उलट ज्यांची चाल फार मंद होती अशा रुग्णांपैकी लवकर ट्रेडमिलवर गेलेल्यांत वारंवार पडण्याचे प्रमाण अधिक आढळले. घाईचा धोका आणखी एका चाचणीने दाखवला आहे : २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच जोराने उठवून-चालवून घेतलेल्या गटाचा परिणाम नेहमीच्या पद्धतीपेक्षा वाईट आला.

भारतातील अनुभव याच्याशेजारी ठेवून पाहावा लागतो. देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ या चाचणीत कुटुंबातील एका व्यक्तीला शिकवून घरी व्यायाम करून घेण्याची पद्धत वापरली गेली; सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबन यांत नेहमीच्या उपचाराच्या तुलनेत फरक पडला नाही. डंकन यांची चाचणी आणि ‘अटेंड’ या दोन चाचण्यांचा एकत्र विचार केला की एक निष्कर्ष समोर येतो. प्रशिक्षित उपचारकाने घरी येऊन नियमित, क्रमाक्रमाने अवघड केलेला व्यायाम करून घेतला तर तो महागड्या यंत्राच्या बरोबरीने उतरतो. तेच काम थोडे शिकवून पूर्णपणे घरच्यांवर सोपवले तर अधिकचा लाभ दिसत नाही. म्हणजे दुर्मिळ आहे ती वस्तू यंत्र नाही, तर व्यायाम पाहणारी, सुधारणारी आणि वाढवणारी जाणकार व्यक्ती आहे. ट्रेडमिलचे मोल त्या व्यक्तीचा वेळ अधिक फलदायी करण्यात आहे. तिच्या जागी यंत्र ठेवण्याचा विचार केला तर ते मोल नाहीसे होते. या पुस्तकाची मध्यवर्ती भूमिका हीच आहे.

भंडारा जिल्ह्यासाठी या भूमिकेतून व्यावहारिक अर्थ निघतो. महाराष्ट्रात भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण १९५३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले आणि १९५५ मध्ये हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. विदर्भात नागपूर आणि वर्ध्याजवळील सावंगी येथे भौतिकोपचाराची महाविद्यालये आहेत. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटरवर असल्याने झटका आलेला रुग्ण अनेकदा तिकडेच हलवला जातो, परंतु तीन-चार महिने आठवड्यातून तीनदा तेवढा प्रवास करणे रोजंदारीवरच्या कुटुंबाला शक्य नसते, आणि रोवणीच्या दिवसांत तर सोबत जायला घरात माणूसच मोकळे नसते. उपचार सुटतो तो येथे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचाही समावेश आहे, आणि वृद्धांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर भौतिकोपचाराची तरतूद आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी साजासह एक चांगले ट्रेडमिल आणि तुमसर, साकोली, पवनी यांसारख्या तालुक्यांच्या ठिकाणी आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी येणारा उपचारक, अशी रचना झाली तर पट्ट्यावरचा सराव आणि घरचा सराव एकमेकांना जोडता येतील.

ही जोडणी आवश्यक असण्याचे कारण पट्ट्याच्या स्वभावातच आहे. ट्रेडमिलवर पाय चालतात पण भिंती जागच्या जागी राहतात, त्यामुळे डोळ्यांना गतीची नेहमीची खूण मिळत नाही. तेथे वळावे लागत नाही, अडथळा ओलांडावा लागत नाही, थांबून पुन्हा निघावे लागत नाही. घरात मात्र माणूस बहुधा वळताना, उंबरठा ओलांडताना किंवा अंधारात उठताना पडतो. म्हणून प्रत्येक सत्राच्या शेवटी काही मिनिटे जमिनीवर चालणे, आणि घरी अंगणात रोवलेल्या बांबूच्या दोन समांतर कठड्यांमध्ये भार इकडून तिकडे नेणे, आडवी पावले टाकणे, विटेवर पाय ठेवून उतरवणे, वळणे, हे ठरलेल्या प्रमाणात करावे लागते. सपाट अंगण, मग मुरमाचा रस्ता, मग उन्हाळ्यातील कोरडा, रुंद धुरा आणि सर्वांत शेवटी ओला धुरा, असा चढता क्रम रुग्णाबरोबर बसून आखता येतो, आणि पुढच्या भेटीत उपचारक त्याची तपासणी करून तो पुढे नेऊ शकतो.

सावधगिरीच्या बाबी पुढे स्वतंत्र प्रकरणात सविस्तर आल्या असल्या तरी त्यांपैकी काही येथेच नोंदवणे भाग आहे. प्रत्येक सत्राआधी व नंतर रक्तदाब आणि नाडी मोजली पाहिजे. विश्रांतीच्या स्थितीत रक्तदाब २००/११० च्या वर असेल तर त्या दिवशी सराव करू नये. छातीत दुखणे, चक्कर, अचानक धाप किंवा बोलण्यात, चेहऱ्यात, हातापायात नवा बदल जाणवला तर पट्टा थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी, कारण दुसरा झटका हा पहिल्यापेक्षा अधिक हानी करणारा असू शकतो. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना जखम कळत नाही, म्हणून पादत्राणे आणि तळवे रोज तपासावे लागतात. सिकलसेलच्या रुग्णाला शरीरातील पाणी कमी होणे आणि अतिश्रम घातक असतात, तेव्हा भंडाऱ्याच्या कडक उन्हाळ्यात त्याचा सराव सकाळी, पुरेसे पाणी देऊन आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या संमतीनेच व्हावा. एका बाजूचे भान हरपलेल्या रुग्णाला पट्ट्यावर एकटे सोडणे कोणत्याही टप्प्यावर योग्य नाही.

हे पुस्तक भौतिकोपचारक, परिचारिका, आशा कार्यकर्त्या, वैद्यकीय अधिकारी आणि रुग्णांचे सुशिक्षित नातेवाईक अशा संमिश्र वाचकवर्गासाठी असल्यामुळे शरीररचना, उपचारपद्धती, मापन आणि गावपातळीवरील नियोजन या क्रमाने त्याची रचना केली आहे. ज्यांना केवळ प्रत्यक्ष सराव हवा आहे त्यांनी दुसऱ्या भागापासून वाचले तरी चालेल. पक्षाघाताने आलेले अपंगत्व ही नशिबाची गोष्ट मानून रुग्णाला ओसरीवरच्या खाटेवर बसवून ठेवण्याची रीत अजून गेलेली नाही, आणि तिच्या जोडीला शहरातील मोठ्या यंत्रावाचून काही होणार नाही ही नवी निराशाही गावोगाव पसरते आहे. उपलब्ध पुरावा या दोन्ही समजुतींच्या विरुद्ध आहे : तोल हा शिकवता येतो, झटक्यानंतर सहा महिन्यांनी सुरू केलेल्या सरावानेही चाल सुधारते, आणि त्यासाठी लागणाऱ्या गोष्टींपैकी नियमितता, क्रम आणि जाणकार देखरेख या तीन गोष्टी एका जिल्ह्याच्या आवाक्यातल्या आहेत. जिल्ह्यात किती ट्रेडमिल आल्या यापेक्षा, घरी परतल्यावर वर्षभरात किती माणसे पडली नाहीत आणि त्यांतली किती आपल्या शेताच्या, मागाच्या किंवा चुलीच्या कामाला लागली, हा हिशेब प्रत्येक तालुक्याने ठेवायला सुरुवात केली तर या पुस्तकाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.